शपथ बायकांची, हिशोब कोणाचा?



गेल्या उन्हाळ्यात वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका वस्तीत आपल्या बचतगटांचा मेळावा झाला. मंडप, चहा-नाश्ता आणि बक्षिसं यांचा खर्च एका कंपनीने उचलला होता. त्या बदल्यात मेळाव्यात 'पर्यावरण शपथ' घ्यायची होती. प्रत्येकीला एक छापील फॉर्म मिळाला. मी विनाकारण दिवा चालू ठेवणार नाही, गॅस जपून वापरीन, कापडी पिशवी वापरीन, एक झाड लावून जगवीन. खाली सही किंवा अंगठा. दीडशेच्या आसपास बायकांनी फॉर्म भरून दिले. तेवढ्यात धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका मावशींनी उभं राहून विचारलं, "ताई, ह्यो फारम सायबांनी बी भरलाय का?" मंडपात हशा पिकला. साहेबही हसले. मग फॉर्म गोळा झाले, फोटो निघाला आणि मेळावा संपला.

मावशींच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा आहे. गॅस संपला की महिना भरेपर्यंत चूल पेटते. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत वस्ती जागते, तिथे झाड जगवायला पाणी कुठून आणायचं हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नव्हतं.

आता त्याच कंपनीकडून तीन वर्षांच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव आला आहे. त्यातून आपल्या दोन कार्यकर्त्यांचं मानधन निघेल. मंडळाच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एकीचं म्हणणं, पृथ्वी तापवणाऱ्यांच्या पैशाने बायकांना काटकसर शिकवायची ही शुद्ध फसवणूक आहे. दुसरीचं म्हणणं, सगळं कंपनीवर ढकलून आपण मोकळ्या होणार का? वीज आपण वापरतो, गाडी आपण चालवतो. बदल सगळ्यांनीच करायला हवा. दोघीही चळवळीत जुन्या, दोघीही प्रामाणिक. म्हणून हा प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात न गाडता तुम्हा सर्वांसमोर ठेवावा असं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे, जगावरच्या संकटाचा उपाय बाईच्या घरात शोधण्याची ही पहिली वेळ नाही. लोकसंख्या वाढली म्हणून जंगलं संपली, लोकसंख्या आवरा म्हणजे पर्यावरण वाचेल, हे आपण वर्षानुवर्षं ऐकलं. त्यासाठी शस्त्रक्रियांची उद्दिष्टं ठरली, आणि ती पुरी झाली ती बायकांच्या शरीरावर. जगभरच्या स्त्री-संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९९४ च्या कैरो परिषदेत निदान कागदावर तरी मान्य झालं, की बाईचं आरोग्य आणि तिचा निर्णय हे लोकसंख्येच्या आकड्यांपेक्षा आधी येतात. गरीब बाईच्या मुलांची मोजणी करणाऱ्यांनी श्रीमंत देशांच्या उपभोगाची मोजणी मात्र केली नव्हती. शपथेचा फॉर्म हातात आला की ते दिवस आठवतात.

मग मोजणी केली तर काय दिसतं? कोळसा, तेल, वायू ही जमिनीतली इंधनं जाळल्यावर निघणारा कर्बवायू कोणी बाहेर काढलेल्या इंधनाचा आहे, याच्या नोंदी गेली काही वर्षं अभ्यासक ठेवत आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका नोंदीनुसार, पॅरिस करारानंतरच्या सात वर्षांत, म्हणजे २०१६ ते २०२२ या काळात, खनिज इंधनं आणि सिमेंट यांतून जगात निघालेल्या कर्बवायूपैकी ८० टक्के वायूचा माग अवघ्या ५७ उत्पादकांपर्यंत जातो. यात खाजगी तेल कंपन्या आहेत, तशाच सरकारी कंपन्या आणि काही देशांची सरकारंही आहेत. आपली कोल इंडिया या यादीत वरच्या नावांमध्ये आहे. तिचीच वेस्टर्न कोलफिल्ड्‌स ही कंपनी नागपुरात बसून चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणी चालवते.

याच कंपन्यांपैकी काहींना आपण काय करतो आहोत हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पृथ्वी किती तापेल याचे जे अंदाज बांधले होते, ते बरेचसे अचूक निघाले, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बाहेर मात्र कंपनी शंका पसरवत राहिली. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने वेगळी वाट धरली. २००४-०५ च्या सुमारास तिने जाहिरातींतून लोकांना विचारायला सुरुवात केली, तुमचा 'कार्बन फूटप्रिंट' किती? तेल विकणारा गिऱ्हाइकाला विचारतो, तू किती जाळलंस? आपल्या फॉर्मचं माहेर तिथे आहे.

पण दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. त्या ८० टक्क्यांमध्ये मोठा वाटा त्या इंधनाचा आहे, जे कंपनीने विकलं आणि दुसऱ्या कोणीतरी जाळलं. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाची वीज आपल्या घरात, दवाखान्यात, शेतातल्या मोटारीत येते. उद्या एखादा उत्पादक बंद झाला आणि मागणी तशीच राहिली, तर दुसरा उभा राहील. म्हणून व्यापक बदल लागणारच, हे तिचं म्हणणं खरं आहे. प्रश्न एवढाच, की 'सगळ्यांनी' म्हणजे कोणी, आणि व्यापक बदल होतो तरी कसा?

'सगळे' हा शब्द फार सोयीचा आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू निघतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आहे, अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. आणि आपली सरासरी म्हणजे तरी कोण? ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, व्यावसायिकांच्या एका गटाने मिळून दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. देशभर कौतुक झालं. मर्सिडीजवाला आणि एका पंख्याखाली झोपणाऱ्या मावशी यांची सरासरी काढून दोघांना एकच शपथ देणं याला समता म्हणत नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र आणि दोन गाड्या आहेत त्यांनी स्वतःकडे जरूर बघावं. या संपादकीयाची लेखिका त्यातून सुटत नाही. पण ती गोष्ट वस्तीतल्या बाईकडून वदवून घ्यायची नसते.

आता व्यापक बदल कसा होतो ते पाहू. याची उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. एलईडी दिवे घराघरांत गेले ते शपथेमुळे नाही. २०१५ पासून सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, तीनशे रुपयांच्या वर असलेली दिव्याची खरेदी किंमत पन्नासच्या खाली उतरली, आणि ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या दिवसापासून बसस्थानकांवरची गर्दी बदलली. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, कामाला बायका बसने निघाल्या. 'खाजगी वाहन वापरू नका' असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. परवडणारी गाडी दारात आली, एवढंच झालं.

तिसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. ७ सप्टेंबर २०१९ रोजी शेंद्र्यात ऑरिक औद्योगिक नगरीच्या कार्यक्रमाला राज्यभरातून बचतगटांच्या बायका जमवल्या होत्या. आपल्यातल्या काही जणी त्या मंडपात होत्या. त्याच व्यासपीठावर पंतप्रधानांनी उज्ज्वला योजनेची आठ कोटीवी गॅसजोडणी दिली. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो धूर कोणाच्या छातीत जातो हे आपल्याला सांगायला नको. म्हणून ही जोडणी मोलाची होती. पण त्याच वर्षी, २०१९-२० मध्ये, उज्ज्वलाच्या ग्राहकांनी सरासरी वर्षाला तीनच सिलिंडर घेतले. पुढे भाव हजाराच्या वर गेले, मग अनुदान आलं, थोडी भर पडली. शेगडी घरात आली तरी तीनशे पासष्ट दिवस पेटायची तर हातात पैसा हवा. स्वयंपाकाचा गॅस हेही खनिज इंधनच. पण बाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबवणाऱ्या सिलिंडरला आणि दीडशे मोटारींच्या पेट्रोलला एका तराजूत घालता येणार नाही.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बदल व्यापक झाला तो धोरण, भाव आणि व्यवस्था बदलली तेव्हा. जिथे व्यवस्था अर्धवट राहिली तिथे बदलही अर्धवट राहिला, आणि उरलेला अर्धा भाग बाईने स्वतःच्या श्रमाने भरून काढला. सरपण आणलं, फुंकणी फुंकली. म्हणजे 'कंपनीची जबाबदारी की सगळ्यांचा बदल' ही निवड मुळातच खोटी आहे. व्यवस्था बदलायला पैसा लागतो आणि निर्णय लागतो. हे दोन्ही ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडून हिशोब घेतल्याशिवाय सगळ्यांचा बदल होणार नाही. झालाच तर तो बायकांच्या पाठीवरून होईल.

हिशोब म्हणजे देणगी नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी बाजूला काढायला लावले. आपल्यासारख्या अनेक संस्थांचं काम आज त्यावर चालतं. पण दोन टक्क्यांत काय केलं याचा अहवाल देणारी कंपनी उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत काय जाळलं हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. हिशोब त्याचा हवा.

हिशोब मागणाऱ्या बायकांची परंपरा आपल्याकडे आहे. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांच्या हातात लाटणी देऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी 'तेल कमी वापरा' असं सांगितलं नव्हतं. साठा कोणाच्या गोदामात आहे, भाव कोण ठरवतो, हे विचारलं होतं. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला. १९८९ मध्ये सरकार आणि युनियन कार्बाइड यांनी ४७ कोटी डॉलरवर परस्पर तडजोड केली, ज्यांचं गेलं त्यांना न विचारता. त्या वस्त्यांतल्या बायकांनी तेव्हापासून आजवर मोर्चे, न्यायालयं, दिल्लीपर्यंतच्या पदयात्रा काही सोडलं नाही. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. कंपनीचा हिशोब वेळेत घेतला नाही तर तो किती पिढ्यांच्या बायकांना मांडत बसावा लागतो, याचा हा धडा आहे.

आपल्या राज्यातलं बघायचं तर जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तिथे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. इकडे परळीचं वीजकेंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये दुष्काळामुळे बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. ज्या केंद्रांच्या धुराने हवामान बिघडतं त्यांतलंच एक बिघडलेल्या पावसापुढे थांबतं, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, जालन्यात उलटंच पाहिलं. पुराने पिकांबरोबर माती वाहून नेली. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस कोसळतो तेव्हा जोराने कोसळतो, हे विज्ञान आता वादाचं राहिलेलं नाही. पंचनाम्याला शेताची मालकीण म्हणून किती बायकांची नावं लागली, हे ज्यांनी तलाठ्याकडे खेटे घातले त्यांना विचारा.

कायद्याची दारंही थोडी किलकिली झाली आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्यांच्या प्रकरणात निकाल देताना सांगितलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ९ एप्रिलला, स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून जास्त वृद्ध बायकांच्या संघटनेने आपल्या सरकारविरुद्धचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात जिंकला. उष्णतेच्या लाटांत म्हाताऱ्या बायका जास्त मरतात आणि सरकार पुरेसं करत नाही, ही त्यांची तक्रार होती. नेदरलँड्‌समध्ये शेल कंपनीला २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवा असा आदेश २०२१ मध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो आकडा काढून टाकला, पण उत्सर्जन घटवणं हे कंपनीचं कर्तव्य आहे हे मान्य केलं. म्हणजे लढाई सरळ नाही, पण अशक्यही नाही.

इथे स्वतःलाही दोन गोष्टी बजावायला हव्यात. एक, कोळसा बंद होईल तेव्हा पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारांवर आणि त्यांच्या घरावर पडेल. चंद्रपूर, परळी, कोराडीच्या बायकांना बरोबर न घेता आपण कोळशाविरुद्ध बोललो, तर आपणही त्यांना न विचारता तडजोड करणाऱ्यांतल्याच ठरू. दोन, सूर्य आणि वारा विकणारी कंपनी ही आपोआप आपली मैत्रीण होत नाही. सौर प्रकल्पांसाठी राज्यात सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. मराठवाड्यात गायरान म्हणजे मोकळी जमीन नव्हे. भूमिहीन दलित कुटुंबांनी, त्यातल्या बायकांनी, पिढ्यान्‌पिढ्या झगडून कसलेली ती जमीन आहे. सौरऊर्जा हवीच. पण तिचे खांब कोणाच्या वावरात रोवले जातात, ग्रामसभेत बायकांना विचारलं का, भाडं कोणाच्या खात्यात जातं, हा हिशोब तिच्याकडूनही घ्यायचा आहे.

तर मग त्या प्रस्तावाचं काय? पुष्कळ वाद झाल्यावर मंडळाने कंपनीला पत्र लिहून तीन अटी कळवल्या. पहिली, मेळाव्यात आधी कंपनीने बोलायचं. गेल्या तीन वर्षांत किती वीज, डिझेल, कोळसा, पाणी वापरलं आणि पुढच्या तीन वर्षांत किती घटवणार, हे मराठीत आणि लेखी द्यायचं. दुसरी, कंपनीच्या आवारात काम करणाऱ्या कंत्राटी बायकांना उन्हाळ्यात पिण्याचं पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि ये-जा करायला बस मिळायची. तिसरी, बायकांकडून शपथ घ्यायची नाही. त्याऐवजी वस्तीच्या मागण्यांचं पत्रक बायकांनी लिहायचं आणि त्यावर कंपनीने सही करायची. प्रस्ताव 'वरिष्ठांच्या विचाराधीन' आहे, असं आम्हाला कळवण्यात आलं. त्यालाही आता अडीच महिने होऊन गेले. पुढच्या महिन्यापासून दोन कार्यकर्त्यांच्या मानधनाची तरतूद आपल्याकडे नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही. त्या दोघींनीच बैठकीत अटींच्या बाजूने हात वर केला होता, हेही नोंदवायला हवं.

तुमच्या गटांपुढेही असे फॉर्म येतील. तेव्हा काही साध्या गोष्टी करता येतात. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी एक अहवाल जाहीर करावा लागतो. 'सेबी'च्या या नियमाने त्यात ऊर्जा, पाणी आणि उत्सर्जनाचे आकडे द्यावे लागतात. बायकांना दिलेलं वेतन आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्याही त्यातच असते. अहवाल इंग्रजीत असतो. जवळच्या महाविद्यालयातल्या मुलींना हाताशी धरून त्यातली चार पानं मराठीत करून घ्या आणि गटात वाचा. नवा मोठा प्रकल्प येत असेल तर जनसुनावणीची तारीख आधी काढा आणि बायकांनी पुढच्या रांगेत बसा. सरकारी वीजकेंद्र असेल तर माहितीचा अधिकार आहेच. आणि बसच्या फेऱ्या, सिलिंडरचं अनुदान, रेशन, पाणी या आपल्या जुन्याच मागण्यांना हवामानाच्या मागण्या म्हणायला लाजू नका. त्या तशा आहेतच.

दिवा विझवायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. काटकसर आपल्या आयांनी शिकवलेली आहे. मावशींनी त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही. तुमच्या गटात कोणी असे फॉर्म भरून घेतले असतील, पैसे घेतले असतील किंवा नाकारले असतील, तर काय झालं ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.